कोरोनातल्या त्या दोन हजारांची यादी खासगी नाही

'कोरोनात सरकारने गोव्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या खात्यात दोन हजारांची खास मदत टाकली. ती कोणाला मिळाली ही खासगी बाब, इतरांना विचारायचा हक्क नाही.' हा मजकूर पुन्हा फिरतो आहे.

आधी 'खास मदत'. २६ मार्च २०२० रोजी १ लाख ७० हजार कोटींचे गरीब कल्याण पॅकेज जाहीर झाले, त्यात हे दोन हजार मोजले होते. पण ते केंद्राच्या पीएम-किसान या शेतकरी मदत योजनेचे. ती योजना २०१९ मध्येच सुरू झालेली. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. २०२०-२१ चा पहिला हप्ता एप्रिलच्या सुरुवातीलाच दिला, एवढेच. काजूच्या ऐन हंगामात सगळे बंद असताना ते पैसे उपयोगी पडले, हे खरे. वर्षाची बेरीज मात्र सहा हजारच राहिली.

'प्रत्येक शेतकरी' हे शब्द मला सर्वांत जास्त लागतात. या योजनेला शेतजमीन स्वतःच्या नावावर लागते. गोव्यात कसणारा एक आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीवर, नाव दुसऱ्याचे, हे गावोगाव आहे. कोमुनिदादची, म्हणजे गावच्या सामूहिक जमीन-संस्थेची, शेते कुळे कसतात. सत्तरीत मोकाशाच्या, म्हणजे जुन्या इनामासारख्या, जमिनी; मयेत कस्टोडियनच्या, म्हणजे देश सोडून गेलेल्या मालकांच्या मालमत्तेच्या सरकारी रखवालदाराच्या. मालकीचा प्रश्न पिढ्यांचा. गुडघाभर चिखलात वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, लावणाऱ्या बाईच्या नावावर जमीन नसेल, तर या योजनेच्या लेखी ती शेतकरीच नाही. तिला दोन हजार मिळाले असे म्हणणे म्हणजे तिचे न मिळालेले पैसे तिच्या नावावर खर्ची टाकणे.

दुसरीकडे, देशभरात २० लाख ४८ हजार अपात्र लोकांना १,३६४ कोटी रुपये गेले. त्यांत निम्म्याहून अधिक जण आयकर भरणारे होते. हे जानेवारी २०२१ मध्ये बाहेर आले ते माहिती अधिकाराच्या अर्जामुळे, म्हणजे कोणीतरी विचारले म्हणून.

आता 'खासगी बाब'. आमच्या गावची यादी मागितली तेव्हा मलाही एका कार्यालयात हेच ऐकवले गेले. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४(१)(ख) मधला बारावा मुद्दा सांगतो की अनुदान कार्यक्रमाची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करायचा. पीएम-किसानच्या संकेतस्थळावर तर राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडून यादी उघडता येते. २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहिती नाकारू देणारे कलम ८(१)(ञ) कडक केले, हा आक्षेप खरा आहे आणि तो मला काळजीचाही वाटतो. पण कलम ४ जागेवर आहे, आणि व्यापक सार्वजनिक हितासाठी माहिती खुली करू देणारे कलम ८(२) सुद्धा. आधार क्रमांक, बँक खाते कोणी मागत नाही. ते झाकलेलेच राहू दे.

यादीने गावात भांडणे लागतील म्हणतात. भांडणे यादी लपवल्यावरच्या कुजबुजीने लागतात.

केंद्राची यादी निदान दिसते. पीक नुकसानीला भरपाई देणाऱ्या राज्याच्या शेतकरी आधार निधीतून आणि आधारभूत किमतीच्या योजनेतून २०२०-२१ मध्ये आपल्या गावात कोणाला किती मिळाले, हेही त्याच बाराव्या मुद्द्यात बसते. अर्ज विभागीय कृषी कार्यालयाच्या माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील, मग पणजीला राज्य माहिती आयोग. अर्जात गाव, योजना आणि वर्ष स्पष्ट लिहा.