अल ऐनला जाऊन-येऊन? अजिबात नको!

अबू धाबी अमिरातीतल्या अल ऐन शहराचं नाव काढलं की दुबईतली आपली माणसं एकच सल्ला देतात. "सकाळी निघा, जबल हफीत डोंगरावर गाडी घाला, रात्री जेवायला घरी." दीड तासाचा तर रस्ता. आम्ही हट्टाने तीन रात्री राहिलो. तेही सप्टेंबरात, तेही बऱ्यापैकी महागड्या हॉटेलात. त्यावरून इतकी खिल्ली उडाली की शेवटी लिहायलाच बसले.

हॉटेलचं आधी सांगून टाकते. आरामाला काही म्हणजे काही कमी नव्हतं. गादी अशी की सकाळी उठवेना. पोहण्याचा तलाव चक्क गार केलेला, नाहीतर त्या दिवसांत पाणी आंघोळीच्या बंबातलं वाटावं. खिडकी मात्र सीलबंद. एसीचं तापमान कितीही वाढवलं तरी खोली गारठलेलीच. बाहेर चाळीसच्या वर पारा आणि मी दोन दुलया घेऊन मुटकुळं करून झोपलेली. "वाळवंटात येऊन कुडकुडायचे पैसे भरलेत आपण," नवरा म्हणाला. त्याचं एरवी मी फारसं मनावर घेत नाही, पण हे वाक्य डोक्यात राहिलं.

त्या खिडकीतून एक गोष्ट मात्र छान दिसायची. अल ऐनमध्ये इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे, त्यामुळे चौथ्या मजल्यावरूनसुद्धा नजर लांब जाते, आणि समोर खजुरीच्या शेंड्यांचा हिरवा पट्टा. ऐन म्हणजे झरा. गाव ज्याच्या जिवावर उभं राहिलं तो ओॲसिस अजून भर शहरात आहे, आणि आत जायला पैसे पडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिकडे गेलो. फाटकातून आत शिरून पन्नासेक पावलं चाललो असू, उन्हाचा चटका एकदम उतरला. वर खजुरीचं छप्पर, त्याखाली आंबा, अंजीर, केळी, आणि अगदी जमिनीलगत जनावरांचा चारा. ऊन तीन मजले उतरून येईपर्यंत त्याचा जोर संपलेला असतो. शिवाय हवा कोरडी. दुबईत दाराबाहेर पडलं की चष्म्यावर वाफ धरते, इथे नाही. म्हणून सावलीत आलात की खरंच गार वाटतं.

मातीच्या भिंतींच्या मधून पाट वाहत होता. त्याला फलज म्हणतात. डोंगराच्या पायथ्याचं भूजल जमिनीखालच्या बोगद्यातून, अगदी हलक्या उतारावर, केवळ आपल्या वजनाने गावापर्यंत आणायचं. पंप नाही, मोट नाही. जवळच्या हिली भागातला फलज सुमारे ३,००० वर्षांपूर्वीचा, लोहयुगातला. या सगळ्या जागा २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या.

एक माणूस पाटात उभा होता. चिंध्यांत गुंडाळलेला दगड त्याने एका तोंडातून उपसला, दुसऱ्या तोंडात दाबला, पायाने चिखल सारखा केला, आणि पाणी शेजारच्या वाफ्यात वळलं. दारं धरणं म्हणतात ते हेच की! लहानपणी पाण्याच्या पाळीला रात्री-बेरात्री आजोबांच्या मागे कंदील घेऊन गेलेली मी तिथेच थबकले. इथेही पाणी वेळेच्या हिशेबानेच वाटलं जाई, दिवसा सावली मोजून आणि रात्री ताऱ्यांवरून. शेख झायेद, म्हणजे पुढे अमिरातींचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले ते, १९४६ पासून या भागाचा कारभार बघत होते तेव्हा त्यांनी फलज साफ करून घेतले, पाणीवाटपाचे जुने हक्क बदलले. गाव त्यांचं ऐकू लागलं त्यात या पाण्याचा वाटा मोठा आहे, असं माझं मत.

आता यात मिठाचा खडा. भूजल इतकं उपसलं गेलंय की फलजात बऱ्याच ठिकाणी विहिरीचं पाणी पंपाने सोडावं लागतं. शहराच्या नळाला फुजैराच्या किनाऱ्यावरून, समुद्राचं मीठ काढून पाइपने आणलेलं पाणी येतं. म्हणजे झऱ्याच्या गावाला समुद्र पाजावा लागतो.

म्हणूनच परत आल्यावर हॉटेलची हिरवळ डोळ्यांत खुपली. टळटळीत उन्हात पसरलेलं एवढं मोठं लॉन, सकाळ-संध्याकाळ फवारे, आणि तीन दिवसांत त्यावर एक माणूस बसलेला दिसला नाही. कोण बसणार? तेच पाणी खजुरीच्या चार रांगांना आणि खाली लिंबा-अंजिराला दिलं असतं तर पाहुणे दुपार सोडून बाकी वेळ बाहेर बसले असते. तीन हजार वर्षांचं ज्ञान हाकेच्या अंतरावर आणि हे लॉन लावतायत! अभिप्रायाच्या कागदावर मी हे सगळं लिहिलं, जागा पुरेना म्हणून मागच्या बाजूलाही. फ्रंट डेस्कवरच्या मुलीने गोड हसून सांगितलं, "मॅम, लग्नाचे फोटो लॉनवर चांगले येतात." यावर काय बोलणार?

निघायच्या दिवशी दुपारी गाडीला उशीर झाला. उन्हाळ्यात तिथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी असते. हॉटेलच्या मागे, कर्मचाऱ्यांच्या गाड्या लागतात तिथे, वाळवंटात वाढणाऱ्या गाफचं एकच जुनं झाड होतं. लॉनचे दोन माळी त्याच्या बुंध्याला पाठ टेकून बसले होते. त्यांनी सरकून जागा दिली. लॉबीत सोफे रिकामे होते, पण गाडी येईपर्यंत मी तिथेच बसले.