सगळं तेच, आणि वर हे

४० मिनिटांच्या तासातली पहिली १३ मिनिटं आज मी "तो शून्य आहे की ओ?" या एकाच प्रश्नावर घालवली. अतिशयोक्ती नाही, घड्याळ समोरच होतं. प्रत्येक मुलाला अभ्यासाच्या ॲपच्या लॉगिनची छापील चिठ्ठी दिलेली आहे. ज्या महाभागाने ते पासवर्ड बनवले त्याला मोठा आय, छोटा एल आणि एकचा आकडा हे छापल्यावर तिळ्या भावांसारखे दिसतात, हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. तीनदा चुकलं की खातं बंद, पंधरा मिनिटं थांबा. वर्गात मुलं ४३, टॅब २०, त्यातले ३ चार्जच झालेले नाहीत, कारण कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते आज रजेवर.

"मॅडम, माझं नुसतं गोल गोल फिरतंय."

"मॅडम, हा अपडेट मागतोय."

"मॅडम, हिने माझ्या नावाने लॉगिन केलं."

आणि मागच्या बाकावरून, अगदी समजुतीच्या सुरात, "मॅडम, आपण फळ्यावरच करू या ना."

आता कुणीतरी म्हणणारच, बाईंना टेक्नॉलॉजी जमत नसेल. जमते हो. प्रश्नमंजुषा मी बनवते, व्हिडिओ मी कापते, स्टाफरूममध्ये प्रोजेक्टर रुसला की हाक मलाच येते. माझी चिडचिड यंत्रावर नाहीच. चिडचिड त्या 'मिश्र' शब्दावर आहे. मिश्र अध्ययन, म्हणजे ब्लेंडेड लर्निंग, वर्गातलं शिकवणं आणि ऑनलाइन शिकणं यांची सांगड. मिश्रण करायचं तर आधीचं थोडं काढावं लागतं, तेव्हा नव्याला भांड्यात जागा होते. आमच्या भांड्यातून आजवर एक थेंब कुणी काढलेला नाही. नुसतं ओततायत.

हजेरी वहीत घ्यायची आणि ॲपवरही घ्यायची, आणि दोन्हीत एका मुलाचा फरक पडला तर लेखी खुलासा द्यायचा. पाठाचं टाचण हाताने लिहायचं, तेच पोर्टलवर टाइप करायचं. गुण आधी गुणनोंद वहीत, मग एक्सेलमध्ये, मग पोर्टलवर. आणि सगळ्यात वरताण म्हणजे पोर्टलवर भरलेला तक्ता छापायचा, त्यावर सही करायची, तो स्कॅन करायचा आणि पुन्हा त्याच पोर्टलवर चढवायचा. पोर्टलला स्वतःच्याच आकड्यांवर विश्वास ठेवायला माझी सही लागते! हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं सांगणाऱ्याची गफलत होतेय. नव्हती.

याचं रीतसर प्रशिक्षणही झालं. सहा तासांचं. विषय 'विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग', आणि आम्ही साठ जण सहा तास खुर्चीत बसून एका माणसाला स्लाइड वाचून दाखवताना बघत होतो. त्यात ती चार पायऱ्यांची शिडी आली, रूबेन पुएन्तेदुरांचं 'सॅमर' मॉडेल. जुन्या साधनाच्या जागी नुसतं नवं आणलं ही सर्वांत खालची पायरी, मग त्यात थोडी सुधारणा, मग कामाचं रूपच बदलणं, आणि वरच्या टोकाला आधी जे करताच येत नव्हतं असं काम. कल्पना वाईट नाही, खरं सांगते. मी हात वर करून विचारलं, एकच हजेरी दोनदा घेणं यातल्या कितव्या पायरीवर बसतं? "ते आपण शेवटी घेऊ." शेवटी ग्रुप फोटो घेतला.

आणि मग ते लाडकं वाक्य. 'संशोधन सांगतं की मिश्र पद्धतीने मुलं जास्त शिकतात.' कुठलं संशोधन, ते स्लाइडवर नव्हतं. मला असल्या वाक्यांच्या मागे जायची खोड आहे, म्हणून घरी येऊन शोधलं. या बाबतीत ज्याचा नेहमी दाखला दिला जातो तो अमेरिकेच्या शिक्षण विभागाचा अहवाल, २०१० चा. निष्कर्ष खरा आहे, नुसत्या वर्गातल्या शिकवण्यापेक्षा मिश्र पद्धतीचे निकाल बरे निघाले. पण त्याच अहवालात लेखकांनी स्वतः बजावून ठेवलंय की याचं श्रेय माध्यमाला देऊ नका. मिश्र गटातल्या विद्यार्थ्यांना बहुतेक वेळा शिकायला जास्त वेळ आणि जादाचं साहित्य मिळालं होतं. शिवाय शालेय मुलांवरचे धड अभ्यास त्यांना मोजकेच सापडले, बाकीचे बहुतेक कॉलेजातल्या आणि नोकरीतल्या मोठ्या माणसांवरचे.

म्हणजे बघा. ज्या औषधाने गुण आला ते औषध म्हणजे वेळ. आम्हाला बाटली मिळाली, झाकण मिळालं, बाटलीवरचं लेबलही मिळालं. औषध तेवढं राहून गेलं.

उलट्या वर्गाचंही असंच. फ्लिप्ड क्लासरूम, म्हणजे धडा घरी व्हिडिओवर बघायचा आणि सराव वर्गात करायचा. कोलोरॅडोतल्या एका शाळेतले रसायनशास्त्राचे दोन शिक्षक, जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स, यांनी २००७ मध्ये आपले तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली ती खेळांच्या सामन्यांमुळे किंवा इतर कारणांनी ज्या मुलांचे तास बुडत होते त्यांच्यासाठी. समोर एक अडचण होती, तिच्यावर काढलेला तो उपाय होता. आमच्याकडे तो पोहोचेपर्यंत त्याचं झालं, 'व्हिडिओ पाठवून द्या ना, वर्गात मग ॲक्टिव्हिटी घ्या.' बनवून कोण देणार, कधी बनवणार, हे वाक्यात नसतंच. मी बनवला. विद्युत परिपथ, २२ मिनिटांचा, तीन रात्री बसून, कारण पहिल्या रात्री माइकच बंद होता आणि दुसऱ्या रात्री शेजारी कुणीतरी भिंतीला ड्रिल मारत होतं. नंतर कळलं की एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या लाखो व्हिडिओ-सत्रांचा एक अभ्यास २०१४ मध्ये झालाय, आणि व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघण्याच्या वेळेचा मध्यक, म्हणजे मधोमधचा आकडा, काही ६ मिनिटांच्या पुढे जात नाही. माझी उरलेली १६ मिनिटं हवेत गेली म्हणायची.

आणि ६ मिनिटं तरी कुणी पाहिलं? ४३ पैकी १४ जणांनी. बाकीच्यांवर रागवायची सोय नाही. एकाचा फोन बाबांकडे असतो आणि बाबा रात्री उशिरा येतात. एका घरात तीन भावंडं आणि फोन एक, त्यात मोठीची दहावी. एकाचा डेटा संपला होता, तो कशात संपला हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ज्या १४ जणांनी पाहिला त्यातला एक म्हणाला, "मॅडम, मी दोनच्या स्पीडने पाहिला, तुम्ही खारूताईसारख्या बोलता." मग दुसऱ्या दिवशी मी तोच भाग वर्गात पुन्हा शिकवला, २९ जणांसाठी. ते १४ जण जांभया देत बसले, आणि त्यांचं काय चुकलं? पुढच्या वेळी त्यांनीही पाहिला नाही. शहाणी आहेत पोरं.

गृहपाठाच्या फोटोंबद्दल फार बोलत नाही. आडवा फोटो, अंधारात काढलेला, अर्ध्या उत्तरावर अंगठा. वही हातात असती तर एका नजरेत कळलं असतं की हिने शेवटचं गणित दुसऱ्याचं बघून उतरवलंय. फोनवर मी मान वाकडी करून दोन बोटांनी ते मोठं करत बसते आणि रात्री पावणेबाराला खालून मेसेज वर येतो, 'मॅडम लिंक ओपन होत नाही आहे.'

एक मात्र सांगितलंच पाहिजे, नाहीतर हे सगळं रडगाणं वाटेल.

परिपथाच्या त्याच धड्यात एक जुनं दुखणं आहे. मुलांना वाटतं की एकसर जोडणीत पहिला बल्ब थोडा करंट खाऊन टाकतो आणि दुसऱ्याला उरलासुरला मिळतो. फळ्यावर बाण काढून मी हे दरवर्षी समजावते, सगळे माना डोलावतात आणि परीक्षेत तेच लिहितात. या वर्षी मी फेट वापरलं. कोलोरॅडो विद्यापीठाची ही मोफत सिम्युलेशन्स, नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेली. आधी एकदा उतरवून ठेवली की नेट लागत नाही. लॉगिन तर नाहीच! मी माझ्या लॅपटॉपवर ते लावलं, दोन बल्ब एका मागोमाग एक जोडले, आणि बटण दाबायच्या आधी म्हटलं, आता कोणता बल्ब जास्त उजळेल ते वहीत लिहा, खोडायचं नाही.

वर्गाचे सरळ दोन तट पडले. 'पहिला' म्हणणारे जास्त. बटण दाबलं. तारेतून इलेक्ट्रॉन दाखवणारे निळे ठिपके निघाले, पहिल्या बल्बातून गेले, दुसऱ्यातून गेले, त्याच चालीने फिरून परत आले, आणि दोन्ही बल्ब सारखे उजळले. दोन सेकंद कुणी बोललं नाही. मग एकदम बाजार उठला. "अरे ठिपके कमी नाही झाले!" "मग बल्ब पेटला कशाने?" हा प्रश्न आठवीतल्या पोराने स्वतःहून विचारला, आणि विचारला तो त्या मुलाने ज्याने वर्षभरात "प्रेझेंट मॅडम"च्या पलीकडे तोंड उघडलं नव्हतं. ऊर्जा आणि विद्युतधारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकवायला मला एरवी आठवडा लागतो. त्या दिवशी दोघं-तिघं उठून फळ्यापाशी आले आणि एकमेकांशी भांडून त्यांनीच ते अर्धंअधिक सोडवलं. मी खडू धरून बाजूला उभी होते. तारेच्या आत काय चाललंय हे कुठल्याच फळ्यावर दिसत नाही, ते त्या पडद्यावर दिसलं. याला म्हणतात डिजिटल साधन.

त्या आठवड्याचा डॅशबोर्ड आला, म्हणजे कुठल्या वर्गाने ॲप किती वापरलं त्याचा तक्ता. आठवी ब, डिजिटल वापर ० मिनिटं. लाल.

लॉगिन नाही म्हणजे नोंद नाही, नोंद नाही म्हणजे तास झालाच नाही. मला बोलावणं आलं. मी सांगितलं काय घडलं ते. ऐकून घेतलं, चांगलं वाटलं म्हणाले, आणि विचारलं, "फोटो आहे का? मुलं टॅबवर दिसतायत असा?" नव्हता. त्या दिवशी टॅब कपाटात होते.

आजचा म्हणाल तर तो शून्य-की-ओवाला तास. १३ मिनिटं लॉगिनमध्ये, मग ज्यांचं लॉगिन झालं त्यांनी प्रश्न न वाचता भराभर बोटं मारून गुण मिळवले, कारण ॲपवरच्या त्या प्रश्नमंजुषेच्या खेळात लवकर उत्तराला जास्त गुण असतात. एकाने स्वतःचं नाव 'बाई मला पास करा' ठेवलं होतं आणि ते पहिल्या नंबरवर मोठ्या अक्षरात झळकत होतं. शिकलं कुणी? कुणीही नाही. संध्याकाळी डॅशबोर्ड बघितला. सक्रिय वापर ३१ मिनिटं. हिरवा. शेजारी एक हसरा चेहरा.

आणि आत्ता हे लिहितेय ते नव्या सूचनेमुळे. पुढच्या महिन्यापासून हे ॲप बंद, दुसरं सुरू. जुन्यातली माहिती नव्यात येणार नाही, ती शिक्षकांनी भरून घ्यायची आहे. ४३ मुलं, त्यांचे वर्षभराचे गुण, हजेरी, सगळं. पासवर्डच्या नव्या चिठ्ठ्या छापून येतील. सोबत मागच्या प्रशिक्षणाचा अभिप्राय फॉर्म आहे, तो आज रात्री बारापर्यंत भरायचा, नाहीतर नाव यादीत लाल. मी बसले भरायला. सातवा प्रश्न, तारांकित, म्हणजे सोडता येत नाही. 'डिजिटल साधनांमुळे आपला किती वेळ वाचला?' पर्याय तीन. थोडा. बराच. खूप.

११ वाजून ४० मिनिटं झालीत. एकावर टिचकी मारल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाहीये.