रबरी बूट घातले की तार काही करत नाही म्हणे!

पावसाळा तोंडावर आला की ‘चेनसॉ आणि पोल प्रुनर वापरायच्या पाच युक्त्या’ (चेनसॉ म्हणजे मशीनची करवत, पोल प्रुनर म्हणजे तशीच लांब दांड्यावर बसवलेली) ही पोस्ट फिरायला लागते. यंदा ती आमच्या मामांनी घरच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, ‘उद्या तारेवरची आंब्याची फांदी काढतो.’ मामांना फोन करून थोपवलं. इतरांचे मामा कोण थोपवणार?

युक्ती पहिली: ‘फायबरचा दांडा आणि पायात रबरी बूट असले की तारेजवळची फांदी बिनधास्त तोडा.’

हे लिहिणाऱ्याने पोल प्रुनर खोलून पाहिलेला नाही. इंजिनवरच्या बहुतेक मशीनच्या नळीतून पोलादी शाफ्ट जातो, आणि लांब होणारा दांडा पुष्कळदा ॲल्युमिनियमचाच असतो. लाइनमनकडचा इन्सुलेटेड रॉड ही निराळी, तपासून वापरायची वस्तू. आणि बूट? गावातून जाणारी मोठी लाइन ११ किंवा २२ हजार व्होल्टची असते. चिखलातले गमबूट त्यासाठी बनवलेलेच नसतात. शिवाय हात लोखंडी शिडीला टेकलेला असेल तर पायात काय आहे याला अर्थच नाही. दांडा तारेला लागला नाही तरी कापलेली ओली फांदी दोघांना जोडते. मोठ्या लाइनला तर टेकावंही लागत नाही, फार जवळ गेलं की वीज झेप घेते.

अमेरिकेतल्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा संस्थेचा नियम सरळ आहे: प्रशिक्षण नसलेल्या माणसाने आणि त्याच्या हातातल्या अवजाराने ५० हजार व्होल्टपर्यंतच्या तारेपासून किमान १० फूट लांब राहायचं. फांदी त्याच्या आत असेल तर १९१२ वर कळवा. लाइनमन लाइन बंद करून, अर्थिंग लावून मगच हात घालतो. ‘लाइट गेलीय तोवर उरकू’ हाही शहाणपणा नको. ती कधी येईल सांगता येत नाही, आणि कुणाचा जनरेटर चुकीचा जोडलेला असेल तर बंद तारेत उलटी वीज येते. स्वतःच डीपीची फ्यूज काढणाऱ्या शूरांबद्दल तर बोलायलाच नको.

दुसरी: ‘बारीक फांद्या चेनसॉच्या टोकाने, एका हाताने उडवा.’ बारच्या, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या, टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की दात अडकतात आणि अख्खं मशीन उसळून तोंडावर, मानेवर येतं. यालाच किकबॅक म्हणतात. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. म्हणून पुढच्या हँडलला अंगठ्याचा विळखा हवा, दोन्ही हात मशीनवर हवेत.

तिसरी: ‘मशीन हवेत झोकून दोरी ओढली की लवकर सुरू होतं.’ लाकूडतोडीच्या कामात ओशाने यावर सरळ बंदी घातली आहे. जमिनीवर ठेवा, चेन ब्रेक लावा, मग ओढा.

चौथी: ‘चेन धारदार असेल तर अपघात होत नाही.’ अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. बोथट चेनला जोर लावावा लागतो आणि जोर लावताना तोल जातो. पण किकबॅक धारदार चेनलाही येतो.

पाचवी: ‘चेनला इंजिनातलं जळकं ऑइल घातलं तरी चालतं.’ त्यात धातूचा कीस असतो, तो ऑइल पंप आणि बार खातो, आणि अंगावर उडतं ते निराळंच. साधं बार ऑइल दुकानात मिळतं, तेच घाला.