'तू तर पुण्यात राहतोस, तुला काय फरक पडतो?'

माझ्या ओळखीच्या अनेकांना वाटते की बीड-जालन्यातल्या राजकारणाचे मी गरजेपेक्षा जास्त मनाला लावून घेतो. घर पुण्यात, नोकरी पुण्यात, मुलांची शाळा पुण्यात. मग गावाकडे कोणी उपोषणाला बसले, कोणी सभा गाजवली, कोणाचा बंगला पेटला, तर याची झोप का उडावी, असा त्यांचा साधा प्रश्न असतो. तो वाईट हेतूने विचारलेला नसतो, म्हणूनच त्याचे उत्तर एकदा नीट लिहावे असे बरेच दिवस मनात होते. पोस्ट लांबणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझे गाव गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या अलीकडच्या अंगाला आहे. महामार्गावरचा पूल ओलांडला की शहागड लागते आणि जिल्हा बदलून जालना होतो. अंतरवाली सराटी तिथून जवळच आहे. २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे मराठा आरक्षणासाठी तिथे उपोषणाला बसले तेव्हा आमच्याकडच्या लोकांना ती शेजारच्या गावातली घडामोड होती. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि त्या दिवसापासून आमच्या भागात कोणतीच गोष्ट फक्त शेजारच्या गावातली राहिली नाही. ३० ऑक्टोबरला माजलगावात आणि बीडमध्ये आमदारांची घरे पेटवली गेली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. पुण्यात बसून मी टीव्हीवर ज्या चौकातला धूर पाहत होतो, त्या चौकात मी एसटीची वाट बघत उभा राहिलेलो आहे. वृत्तवाहिनीचा निवेदक त्याच चौकाचे नाव चुकीचे उच्चारत होता, याचाही मला त्या क्षणी विनाकारण राग आला होता.

आता एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो, कारण प्रोफाइलवरचे आडनाव वाचून तुम्ही ती ओळखलीच असेल. मी मराठा आहे. पाच एकर कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर दोन भावंडांची शिक्षणे काढताना घराची काय ओढाताण होते, ते मी पाहिले आहे, त्यामुळे आरक्षणाच्या मागणीमागची अगतिकता मला पुस्तकात वाचून समजून घ्यावी लागत नाही. विदर्भातल्या आमच्यासारख्याच शेतकऱ्याला कुणबी म्हणून ओबीसीचा दाखला मिळतो आणि आम्हाला मिळत नव्हता. कारण आमचे आजोबा-पणजोबा निजामाच्या राज्यात राहिले आणि त्यांची कागदपत्रे हैदराबादच्या दप्तरात अडकली. हे गाऱ्हाणे खोटे नाही. कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीचे काम सुरू झाल्यावर तहसील कचेऱ्यांतून खासरा पत्रके, जुनी जन्म-मृत्यूची रजिस्टरे, शाळांचे निर्गम उतारे बाहेर काढले गेले, मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. आमच्या भावकीत एका शाखेची नोंद सापडली आणि दुसरीची सापडली नाही. एकाच खापरपणजोबाचे वंशज, एक कुणबी आणि दुसरे मराठा. सापडलेल्यांनी पेढे वाटले आणि न सापडलेल्यांनी ते खाल्ले खरे, पण तोंडे उतरलेली होती.

दुसऱ्या बाजूची भीतीही मला तेवढीच खरी वाटते आणि हे लिहिल्याबद्दल माझ्याच नात्यातले काही जण माझ्यावर नाराज आहेत. पुण्या-मुंबईतल्या चर्चेत ओबीसींचा विरोध म्हणजे नोकऱ्या आणि महाविद्यालयातल्या जागांचा विरोध असे धरले जाते. गावात राहणाऱ्याला त्यातले वेगळेच काही टोचते. १९९४ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत ओबीसींना राखीव जागा मिळाल्या आणि ज्या घरातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या पाटलाच्या वाड्यासमोर खाली बसायचा, त्या घरातली सून सरपंच म्हणून खुर्चीत बसली. माळी, धनगर, वंजारी, नाभिक, सुतार अशा घरांना गावाच्या कारभारात जी जागा मिळाली ती बहुतांशी या वाटेने मिळाली. ज्याची संख्या जास्त, ज्याची जमीन जास्त, तोच आता आपल्या रांगेत येऊन उभा राहणार, असे त्यांना वाटत असेल तर त्यात द्वेष शोधण्याचे कारण नाही. जून २०२४ मध्ये लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी वडीगोद्रीत उपोषणाला बसले. अंतरवाली आणि वडीगोद्री ही दोन्ही गावे एकाच अंबड तालुक्यातली, एकमेकांना अगदी जवळची, आणि दोन्ही मांडवांत जमलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकाच आठवडी बाजारात भाजी घेणारी होती.

मला स्वतःला जे लागले ते मात्र या मागण्यांमुळे नाही. ते लागले त्या जूनमधल्या एका साध्या व्यवहारामुळे.

४ जूनला लोकसभेचा निकाल लागला. बीडची मतमोजणी रात्री उशिरापर्यंत चालली आणि भाजपच्या पंकजा मुंडे, म्हणजे वंजारी समाजातले नेते गोपीनाथ मुंडे यांच्या कन्या, ६,५५३ मतांनी हरल्या. याच मतदारसंघात गोपीनाथ मुंडे यांच्या निधनानंतर २०१४ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्याच दुसऱ्या कन्या प्रीतम मुंडे जवळजवळ सात लाखांच्या मताधिक्याने निवडून आल्या होत्या. तेव्हा सहानुभूती होती, राष्ट्रवादीने उमेदवार दिला नव्हता, हे सगळे मान्य. तरीही दहा वर्षांपूर्वी माझ्या गावातल्या मराठा घरांनी ज्या घराण्याला डोळे पुसत मत दिले, त्याच घराण्याला पाडण्यासाठी त्यांच्यातल्या अनेकांनी या वेळी कंबर कसली होती, हे मी डोळ्यांनी पाहिले. निकालानंतर 'त्यांच्या' दुकानात पाऊल ठेवू नका, असे सांगणारे व्हिडिओ दोन्हीकडून फिरू लागले.

माझे वडील, ज्यांना सगळे गाव तात्या म्हणते, खते-बियाणे गेवराईच्या ज्या कृषी सेवा केंद्रातून घेतात ते एका वंजारी कुटुंबाचे आहे. त्या दुकानदाराचा मुलगा दहावीपर्यंत माझ्याच वर्गात होता. कपाशीचे बियाणे आणि डीएपी पेरणीला उचलायचे आणि कापूस विकला की हिशेब करायचा, असा तो व्यवहार माझ्या शाळेपासूनचा आहे. दुष्काळी वर्षांत तो हिशेब पुढच्या हंगामावर गेला तरी दुकानदार काकांनी कधी माणूस पाठवला नाही. मृगाचा पाऊस झाल्यावर तात्या बियाणे आणायला निघाले तेव्हा पारावरच्या एका पोराने त्यांना हटकले, "तात्या, आता तरी आपल्या माणसाकडून घ्या की." तात्यांनी जागच्या जागी विचारले, "दुष्काळात उधारी त्यानं दिली, तवा तुजा आपला माणूस कुठं गेल्ता?" हे मला फोनवर कळले तेव्हा मला वडिलांचा अभिमान वाटला आणि मी ते पुण्यातल्या दोघा-तिघांना कौतुकाने सांगितलेही.

पुढचा भाग मला नंतर आईकडून कळला. तात्या त्या दिवशी बाजारात गेलेच नाहीत. ते दुसऱ्या दिवशी पहाटे, दुकाने उघडायच्या आत, दुकानदार काकांच्या घरी गेले. आणि काकांनी त्यांना सांगितले, "तात्या, तुम्ही आता येऊ नका. चिठ्ठी पाठवा, मी पिशव्या टेम्पोत टाकून देतो. उगं तुम्हाला तरास नको." तात्यांना पाहून त्यांच्या बाजूचे लोक काय म्हणतील, हा घोर काकांनाही असणारच, पण ते बोलले तात्यांच्या त्रासाबद्दल. भांडण झालेले नव्हते, कोणी कोणाला शिवी दिलेली नव्हती, उधारीची वही तशीच चालू होती, तरी सत्तरी गाठलेली दोन माणसे बियाण्याच्या पिशव्यांचा व्यवहार चोरीचा माल असल्यासारखा करत होती. मला विचारता ना की तुला काय फरक पडतो? मला हा फरक पडतो. माझे वडील भित्रे नाहीत आणि तो दुकानदारही भित्रा नाही. पण दोघांनाही लपावे लागले आणि ते ज्यांच्यामुळे लागले त्यांतला एकही नेता त्यांना नावाने ओळखत नाही.

'आमच्याकडे पूर्वी जात नव्हतीच हो' असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. असे म्हणणारा बहुधा वरच्या ओट्यावर बसलेला असतो. १९७८ च्या जुलैमध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. मधली सोळा वर्षे ज्यांनी सोसले ते बोलत राहिले. आमच्यासारख्या घरांत त्याविषयी चकार शब्द निघाला नाही. त्यामुळे आजच्या भांडणात 'आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा सलोखा बिघडला' असे कोणी हळहळून म्हणाले की मला ते अर्धवट वाटते. सलोखा सगळ्यांच्या वाट्याला कधीच सारखा नव्हता. जे होते ते व्यवहाराचे संबंध होते: उधारी, सालगडी, बैलजोडीची देवाणघेवाण, लग्नातला आहेर, अडल्या बाळंतपणाला रात्री काढलेली जीप. एवढ्या तुटपुंज्या गोष्टींवर गाव उभे राहते आणि आता नेमक्या त्याच तुटत आहेत, म्हणून मी घाबरलो आहे.

मस्साजोगच्या प्रकरणाने तर उरलीसुरली कसर भरून काढली. ९ डिसेंबर २०२४ रोजी तिथले सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून हत्या करण्यात आली. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले म्हणून हे झाले, असे तपास यंत्रणेच्या आरोपपत्रात म्हटले आहे. मार्चमध्ये त्या क्रौर्याची छायाचित्रे बाहेर आली आणि ४ मार्च २०२५ रोजी धनंजय मुंडे यांना मंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला, कारण त्यांचा निकटवर्तीय यात मुख्य आरोपी होता. खंडणी, वाळू, वीजकेंद्राची राख, कंत्राटे आणि त्यांना मिळणारे राजकीय अभय हा या प्रकरणाचा गाभा आहे आणि या धंद्यांत कोणत्याही एका जातीची मक्तेदारी नाही, हे बीड जिल्ह्यातले शेंबडे पोरही सांगेल. पण आठवडाभरात चर्चा कशावर आली? मारणारे कोणत्या जातीचे आणि मेलेला कोणत्या जातीचा यावर. यात सर्वांत मोठी सोय झाली ती खंडणीखोरांची, कारण त्यांच्याविरुद्ध बोलणे म्हणजे एका संपूर्ण समाजाविरुद्ध बोलणे असा अर्थ लावायला लोक तयारच होते.

त्याच सुमारास बीडच्या पोलीस दलाने कर्मचाऱ्यांना आडनावाऐवजी पहिल्या नावाने हाक मारायचे ठरवले आणि टेबलांवर फक्त नावे असलेल्या पाट्या आल्या. पुण्यातल्या सहकाऱ्यांना ही बातमी गमतीशीर वाटली. मला ती वाचून बराच वेळ काही सुचले नाही. फिर्याद द्यायला आलेला माणूस आधी साहेबाचे आडनाव वाचतो आणि मग बोलायचे की नाही ते ठरवतो, हे एका जिल्ह्याच्या प्रशासनाने पाटी बदलून कबूल केले होते. उपाय चांगल्या हेतूचा आहे, त्याला मी नावे ठेवणार नाही. मात्र आमच्याकडे माणसाचे आडनाव कळायला पाटी लागत नाही, चहाच्या टपरीवर पाच मिनिटे पुरतात.

आणि मग पुणे. 'बीडचे का? बाप रे!' हे वाक्य मी घरमालकाकडून, मुलाच्या शाळेतल्या पालकाकडून आणि एका बँकेतल्या गृहस्थांकडूनही ऐकले आहे. पूर्वी मी हसून सोडून द्यायचो. आता विचारतो की दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या उसाच्या फडात कोपी बांधून राहायला जी लाखो माणसे येतात, ती कोणत्या जिल्ह्यातून जास्त येतात ते ठाऊक आहे का. त्या कोयत्यांत, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोड्यांत, वंजारी आहेत, मराठा आहेत, बंजारा आहेत, दलित आहेत. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडताना जातीवरून सवलत मिळाल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

२ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावरचे जरांगे यांचे उपोषण सुटले, निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा आधार धरणारा हैदराबाद गॅझेटबाबतचा शासन निर्णय निघाला. आमच्या गावात फटाके वाजले आणि शेजारच्या वस्तीवर दिवे लवकर मालवले गेले. त्याच महिन्याच्या शेवटी जायकवाडीतून मोठा विसर्ग सोडला आणि गोदाकाठची कपाशी, सोयाबीन, ऊस पाण्याखाली गेला. तात्यांच्या शेतातली माती खरवडून निघाली, दुकानदार काकांच्या मेहुण्याचीही. पंचनाम्याला तलाठी कधी येणार हे विचारायला दोघे कचेरीत गेले तेव्हा वेगवेगळ्या बाकांवर बसले होते, आणि दाखल्यांच्या अर्जांच्या गर्दीत त्यांचा नंबर दुपारी लागला. त्या कचेरीत त्या आठवड्यात कुणब्याच्या नोंदी शोधणाऱ्यांची रांग नुकसानीच्या रांगेपेक्षा मोठी होती, असे तात्या म्हणाले. त्यात त्यांना कोणाला दोष द्यायचा नव्हता. आमच्याही एका चुलत्याचा अर्ज त्याच रांगेत होता.

दहावीच्या बॅचचा आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप आता दोन ठिकाणी चालतो. दुकानदार काकांचा मुलगा त्यांतल्या एकात आहे आणि मी दोन्हींत. तो मला फोन करतो, आम्ही मुलांच्या परीक्षांबद्दल आणि कापसाच्या भावाबद्दल बोलतो, बाकीचे विषय दोघेही टाळतो. या पावसाळ्यात तात्यांना बाजारात जाऊन, दिवसाउजेडी, दुकानाच्या फळीवर बसून बियाणे घेता येईल का, हे मी त्याला विचारले. "ये म्हणावं," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "पण तू सुट्टी काढून सोबत ये." मी सुट्टीचा अर्ज टाकला आहे.

कमेंटमध्ये आरक्षणाच्या बाजूने किंवा विरोधात काय लिहायचे ते खुशाल लिहा. जातीवरून शिवी दिसली तर ती मी काढून टाकीन, मग ती कोणत्याही बाजूची असो आणि देणारा माझ्या भावकीतला असो.