"मिस्टर काय करतात?"

परवा रात्री दोन वाजता सलाईन बदलत होते. पेशंटच्या मुलीनं हळूच विचारलं, "सिस्टर, राग नका मानू, पण एवढ्या पगारात भागतं का तुमचं?" मी "भागतं की" म्हणून पुढच्या बेडकडे गेले. अर्धं खोटं बोलले. भागतं, पण माझ्या पगारावर नाही. ह्यांच्या टेम्पोवर भागतं.

हे २०२२ साली कळलं. ह्यांचा पाय मोडला आणि आठ महिने टेम्पो दारात उभा. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, अकरा वर्षांचा अनुभव, पुण्यातलं चाळीस खाटांचं खासगी हॉस्पिटल. पगार १८,५००, कापून हातात १६,७००. धायरीतल्या खोलीचं भाडं ७,०००. किराणा ४,०००, तोही सासूबाई गावाहून ज्वारी पाठवत म्हणून. मुलाची फी आणि व्हॅन २,३००, दूध १,५००, सिलेंडर हजाराच्या वर, लाईटबिल ७००. बेरीज करून बघा, माझ्या बसचं तिकीटही त्यात निघत नाही.

मग डबल ड्युटी सुरू केल्या. ऑफच्या दिवशी नर्स पुरवणाऱ्या ब्यूरोकडून एका आजोबांची घरची केस घेतली. चौथ्या महिन्यात एका पेशंटच्या चार्टवर एकच डोस दोनदा लिहिला. दिला नव्हता, नुसता लिहिला होता. हँडओव्हर घेणाऱ्या सिस्टरनं पकडलं, कुणाला काही बोलली नाही. मी मात्र बाथरूममध्ये जाऊन रडले. नर्सचा पगार हा नर्सच्या घरचा प्रश्न आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या बेडवर आपला माणूस आहे असं समजून बघावं.

ह्यांचं ऑपरेशन निभावलं ते माझ्या ईएसआय कार्डावर, म्हणजे कामगार विम्यावर. पुढे पगार वाढून २२,००० झाला, पेढे वाटले. ईएसआयसाठी पगाराची मर्यादा २०१७ पासून २१,००० आहे, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. कार्ड बंद! वरच्या हजार रुपयांत चौघांचा दवाखाना आता आम्ही बघायचा. दिवसभर दवाखान्यातच असते म्हणा मी.

आता मुद्द्याचं. आजवर पाच ठिकाणी इंटरव्ह्यू दिले. आयव्ही किती वर्षं लावतेस, व्हेंटिलेटरवरचा पेशंट सांभाळलाय का, हे तर विचारतातच. पण आकडा ठरायच्या आधी हमखास येणारा प्रश्न एकच, "मिस्टर काय करतात?" नोकरीला आहेत म्हटलं की पगार खाली येतो. आमचा पगार म्हणजे संसाराला 'हातभार', असं धरूनच तो ठरवला जातो. घर चालवणारी बाई त्यांच्या हिशोबातच नाही. विधवा, एकटी राहणारी, आईबापांना पोसणारी, अशा कितीजणी माझ्याच वॉर्डात आहेत.

कुणी काही केलं नाही असंही नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्रानं समिती नेमली. समितीनं सांगितलं, पन्नासपेक्षा कमी खाटा असतील तरी नर्सला निदान २०,००० द्या आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतकं द्या. आपल्याकडच्या सरकारी अधिपरिचारिकेचं मूळ वेतनच ३५,४०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता. सुई तीच, शीर तीच. पण समितीचं म्हणणं कागदावर राहिलं. केरळात नर्सेस रस्त्यावर उतरल्या, तेव्हा २०१८ मध्ये तिथल्या सरकारला किमान २०,००० ची अधिसूचना काढावी लागली. आमच्या वॉर्डातल्या मल्याळी सिस्टर हे सांगताना जरा ताठ बसतात. बसू देत.

आणि त्या वीस हजारांचंही फार कौतुक नको. वर्षाचे होतात २,४०,०००. 'लाडकी बहीण'साठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. म्हणजे शिफारस तंतोतंत पाळली तरी एकटीवर घर चालवणारी नर्स दीड हजारांच्या रांगेत उभी राहू शकते. तीन वर्षं शिकून, रजिस्ट्रेशन करून, रात्रपाळ्या करून.

"मग सोडा ना, जर्मनीला जा," असं सांगणारे कमेंटमध्ये येतीलच. जर्मन शिकायला क्लासची फी लागते आणि डोक्यात जागा लागते. नाईट करून आलेल्या बाईकडे दोन्ही नसतं. ज्या पोरी जातात त्यांचं मला भारी वाटतं, पण सगळ्याच गेल्या तर तुमच्या आईला रात्री कूस कोण बदलून देणार?

गेल्या आठवड्यात हिंगोलीकडची एक पोरगी आमच्याकडे इंटरव्ह्यूला आली होती. बावीस वर्षांची. लग्न झालेलं नाही, म्हणून प्रश्न बदलला, "राहतेस कुणाकडे?" ती भाबडी म्हणाली, "मावशीकडे." १४,००० ठरले. जिन्यात गाठून मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी भाडं भरते म्हणून सांग. एक तारखेला ती जॉइन होतेय. ऑफिसात ओरिजिनल सर्टिफिकेट मागतील, ते अडकलं की नोकरी सोडता येत नाही, झेरॉक्सच दे, ओरिजिनल मावशीच्या कपाटात ठेव, एवढं मात्र तिच्याकडून कबूल करून घेतलंय.