बारा गुलाब आणि तांब्याभर गोडं पाणी

आमच्याकडची बहुतेक लग्नं मे महिन्यातली. त्यामुळं लग्नाचे वाढदिवसही पंचेचाळीस डिग्रीतच साजरे करावे लागतात. यंदा पंचविसावा, म्हणून अमरावतीहून बारा गुलाब घेतले अन् दर्यापूरच्या एसटीत बसलो. वलगाव येईस्तोवर फुलांनी मान टाकली, पुढं मी.

फुलदाणी घरात नव्हतीच. कापूस-तुरीच्या घरात ती असते कशाला? तांब्या घेतला, बोअरचं पाणी भरलं. तिथंच फसलो. आमचा सगळा खारपाणपट्टा. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबण फेसत नाही, ते गुलाबाला काय मानवणार!

मग माठातल्या गोड्या पाण्याला हात घातला. नळ चार दिवसांआड येतो. बाजेवरून आई कडाडली, "काहून रे, मानसाले प्याले पानी नाई अन् तू फुलायले पाजून राह्यला?"

पुण्याहून पोराचा फोन. "बाबा, देठ पाण्यात बुडवूनच तिरपे कापा. उघड्यावर कापले की आत हवा शिरते, पाणी वर चढत नाही. बुडणारी पानं खुडा, ती कुजतात. पाण्यात थोडी साखर अन् लिंबू घाला." पानं खुडली, साखर-लिंबू घातलं. तांब्या ओट्यावर ठेवून कात्री आणायला आत गेलो, तेवढ्यात शेजारचे भाऊ उन्हातून आले आणि गुलाबांचा खुराक एका दमात रिचवून बसले. वर म्हणतात, "साखर जराशी कमी पडली."

पुन्हा लिंबू, पुन्हा गोडं पाणी. आईकडं बघायची हिंमत झाली नाही.

कूलरपुढं ठेवले तर वाऱ्यानं पाकळ्या सुकू लागल्या. म्हणून रात्री मागच्या अंधाऱ्या खोलीत नेले. घरात तीच काय ती थंड जागा. तिथं आईनं तणसात आंब्यांची माच, म्हणजे पिकायची अढी, घातली होती. दोन दिवसांत पाकळ्यांचा सडा! पोराला सांगितलं तर त्यानं कपाळावर हात मारून घेतल्याचा आवाज इथवर आला. "बाबा, पिकत्या फळांतून इथिलीन वायू निघतो. त्यानं फुलं लवकर म्हातारी होतात!"

आईला हे विज्ञान पटलं नाही. तिनं तणस बाजूला सारलं. आंबे पिवळेधमक, खोलीभर घमघमाट. एक आंबा माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "पाय, तुह्या फुलायनं कशी झ्याक माच पिकोली! पुढच्या साली आठ रोज अगुदर आनजो."