क्लोस्तू

पापुआ न्यू गिनीची राजधानी पोर्ट मोर्सबी. तिथून देशातल्या दुसऱ्या मोठ्या शहराला, म्हणजे ‘ले’ला, जायला रस्ता नाही. खराब आहे असं नव्हे, नाहीच. मध्ये डोंगर आहेत, विमानाने जायचं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. नंतर ले ते गोरोका हा तीनशेएक किलोमीटरचा प्रवास रस्त्याने केला आणि मोर्सबी-ले रस्ता ज्याने बांधला नाही, त्या भल्या माणसाला मनोमन नमस्कार केला.

गोरोकात मी कॉफीच्या धंद्यात हिशेबनीस आहे. लेहून परत येताना विमानच घे, असं सगळ्यांनी बजावलं होतं. पण मी पडलो संगमेश्वरचा. ज्या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय, त्याच्या कडेला वाढलेला. खड्ड्यांच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये, अशी एक गुर्मी अंगात होती.

इथल्या वडापला पीएमव्ही म्हणतात. आमची होती पंचवीस सीटची जुनी बस, दगडांच्या भीतीने काचांना लोखंडी जाळी ठोकलेली. सकाळी सहाला ती सुटली खरी, पण फक्त स्टँडवरून. मग सुरू झालं ‘राउन राउन’. गाडी भरेपर्यंत गावातच चकरा, आणि बॉसक्रू, म्हणजे आपला क्लीनर, दारात लोंबकळून ‘गोरोका, गोरोका!’ ओरडणार. नऊ वाजेपर्यंत मी लेचा एकच बाजार चार वेळा पाहिला. चौथ्या फेरीला तिथल्या केळीवालीने मला ओळखीचा हात केला.

लेला वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या घाटात तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. इथे बाराही महिने हप्ते चालू. त्यामुळे गावातले खड्डे कधी कोरडे दिसत नाहीत आणि आत किती खोल आहे हे चाक गेल्यावरच कळतं.

माझ्या पायाखाली बुआईची दोन पोती होती. बुआई म्हणजे हिरवी सुपारी. वर डोंगरात ती नीट होत नाही, म्हणून किनाऱ्याकडची पोती बसने वर जातात आणि माणसं उरलेल्या जागेत. गुडघे हनुवटीला टेकवून बसलेल्या मला शेजारच्या मामाने (इथे वडीलधाऱ्या बाईला मामा म्हणतात, मलाही सवय व्हायला वेळ लागला) एक सुपारी सोलून दिली. मी म्हटलं, आमच्या परसात पोफळी आहेत, मला काय होतंय! पण इथे पान नसतं. मिरवेलीच्या जातीची एक लांबट शेंग चुन्यात बुडवून सुपारीबरोबर चावायची. मिनिटभरात कान तापले, कपाळावर घाम फुटला, तोंड लाल रसाने भरलं. थुंकायला खिडकीकडे वळलो, तर जाळी.

पुढची वीस मिनिटं मी एकही शब्द बोललो नाही. मामा मात्र मोठ्या आपुलकीने प्रश्न विचारत होती.

मारखमचं सपाट खोरं सरलं आणि कासाम घाट लागला. अर्ध्या घाटात एक कंटेनर आडवा. डोंगराळ भागातल्या खाणींचा, कॉफीचा, तांदळाचा, टिनच्या माशांचा सगळा भार या एका रस्त्यावर; त्यात डोंगर ठिसूळ, वर पाऊस. एका वळणावर रस्त्याची अर्धी रुंदी दरीत उतरून गेलेली. बॉसक्रू खाली वाकून बघून म्हणाला, ‘‘रोत इ बगरप पिनिस.’’ रस्ता पार बाद झालाय. ‘बगरप’ मूळची इंग्रजी शिवी, पण टोक पिसिन या इथल्या बोलीभाषेत अगदी सोज्वळ शब्द, देवळातही चालतो.

मी ड्रायव्हरला विचारलं, गोरोका किती लांब? ‘‘क्लोस्तू.’’ जवळच. तासाभराने पुन्हा विचारलं. ‘‘क्लोस्तू.’’ कायनांतू मागे पडलं, थंडी वाजायला लागली, तरी क्लोस्तूच. आमच्याकडे ‘हे काय, आलंच’ म्हणतात, त्यातला प्रकार.

कायनांतूच्या पुढे रस्त्यावर दोरी ताणलेली. सात-आठ पोरं, हातात फावडी, एका खड्ड्यात ताजी माती टाकलेली. रस्ता आम्ही नीट केला, वीस किना टाका! (किना म्हणजे इथलं चलन.) बसमधली मंडळी खवळली. मी गप्प. कारण शिमग्यात हायवेवर अशीच दोरी धरून पोस्त मागणाऱ्या टोळीत मी चार वर्षं होतो, आणि आम्ही तर खड्डाही बुजवत नव्हतो. ड्रायव्हरने घासाघीस करून पाच किना आणि बुआईचा एक घोस यावर मिटवलं. घोस माझ्या पायाखालच्या पोत्यातून गेला, तेवढीच गुडघ्याला जागा झाली. एक किना मी आपणहून वर दिला. जुनी उधारी.

रात्री आठला गोरोकात उतरलो. आईचा फोन आला. ‘‘पोचलास का रे? रस्ता कसा होता?’’

‘‘आपल्यासारखाच गं.’’

‘‘अरे देवा,’’ आई म्हणाली, ‘‘आणि कंबर?’’

‘‘बगरप.’’